जुन्या मोटरसायकलचा रंग: घासायचा, भरायचा की नव्याने मारायचा?

सेकंडहँड गाडी घरी आली की पहिला विचार टाकी रंगवून घेण्याचा येतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. कंपनीचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. तो मळकट दिसला तरी घाईघाईत मारलेल्या नव्या रंगापेक्षा जास्त टिकतो. आधी दोष कुठल्या थरात आहे आणि तिथे का आला, ते शोधा. हात त्यानंतरच लावायचा.

पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एक-दीड कागदाएवढे. त्यातलं लॅकर ४०-५० मायक्रॉन. घासून काढता येतं ते एवढ्यातलंच, आणि तेही पूर्ण काढायचं नाही. जुन्या काळ्या किंवा लाल गाड्यांवर पुष्कळदा वेगळं लॅकर नसतंच, रंगच वरचा थर असतो.

आधी धुवा, मग बघा

धूळ बसलेल्या टाकीवर काहीच कळत नाही. आधी नुसत्या पाण्याने माती सोडवा, मग बादलीभर पाण्यात शाम्पू घालून मऊ कापडाने धुवा. कोरडी झाली की सकाळच्या तिरप्या उन्हात उभी करा. गोलगोल बारीक जाळं दिसलं तर तो धुळीच्या फडक्याचा प्रताप आहे. तो वरच्या थरातच असतो आणि पॉलिशने जातो.

एकेका ओरखड्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही आणि पाणी लावल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर तो लॅकरमध्ये आहे. नख अडकतंय आणि तळाला करडा किंवा पांढरट प्रायमर दिसतोय, तर घासून उपयोग नाही, तिथे रंग भरावा लागेल. तपकिरी ठिपका म्हणजे गंज सुरू झालाय.

आता गाडी आधी रंगवली आहे का ते पाहा. सीट काढा, साईड पॅनल उघडा, टाकीच्या झाकणाची खालची बाजू बघा. वायरिंगवर, रबरावर किंवा नटांच्या कडांवर रंगाचा फवारा उडालेला दिसला की काम बाहेर झालंय हे पक्कं. लोखंडी टाकीवर पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक फिरवा. एखाद्या जागी पकड अचानक ढिली पडली तर खाली जाड लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे तिथे पोचा होता. ही तपासणी शक्यतो व्यवहाराआधी करा, भाव कमी करायला तेवढाच मुद्दा मिळतो.

शेवटची चाचणी थिनरची. सीटखाली झाकल्या जाणाऱ्या जागी कापसाला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून दहा सेकंद घासा. रंग लगेच मऊ होऊन कापसावर उतरला तर तो स्वस्तातला एनसी रंग आहे. त्यावर पेट्रोल सांडलं की डाग पडणार, आणि वरून हार्डनरवाला (कडक करणारं रसायन मिसळलेला) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग मारला तर खालचा थर सुरकुतण्याची भीती. कंपनीचा किंवा पीयू रंग या चाचणीत जागेवर राहतो.

दोष कुठे आहे यावरून कारण

झाकणाभोवती रंग फुगला असेल तर झाकणाचं रबर गेलेलं असतं किंवा पाण्याचा निचरा तुंबलेला असतो. टाकीला सपाट बसणाऱ्या झाकणाच्या कडेला एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी नळीवाटे खाली जातं. ते भोक मातीने बुजलं की पावसाचं आणि धुण्याचं पाणी तिथेच साचतं, थोडं टाकीत झिरपतं आणि रंगाखालीही शिरतं. बारीक तार घालून, वरून थोडं पाणी ओतून ते खाली गळतंय याची खात्री करा. हे न करता टाकी रंगवली तर पुढच्या पावसाळ्यात तेच फुगे परत येतील.

टाकीच्या खालच्या जोडावर किंवा पोटाशी फुगे असतील तर गंज आतून आलेला असू शकतो. टॉर्च लावून झाकणातून आत बघा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते पाणी तळाशी बसतं. फुगा दाबल्यावर पेट्रोलचा वास आला किंवा ओल लागली तर पत्र्याला बारीक छिद्र आहे. तिथे रंगाचं काम थांबवा. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते, त्यामुळे वेल्डिंग फक्त टाक्या नीट धुऊन काम करणाऱ्याकडेच करून घ्यायचं. पत्रा चाळणी झाला असेल तर दुसरी टाकी शोधणं परवडतं.

नाशिकजवळच्या पिंपळगाव, निफाड, दिंडोरी या द्राक्षपट्ट्यातून आलेल्या गाडीवर निळसर-पांढरे ठिपके असतील तर ते बोर्डो मिश्रणाचे असू शकतात. मोरचूद आणि चुना असं ते मिश्रण. चुना रंगावर कडक होऊन बसतो आणि मोरचूद उघड्या लोखंडाला खातं. कोरडं खरवडू नका, चरे पडतील. एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात कापड भिजवून मिनिट-दोन मिनिटं ठिपक्यावर ठेवा, पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. खाली रंग मंद पडलेला दिसला तर पॉलिश करावं लागेल. हायवेवर रोज धावलेल्या गाडीच्या पुढच्या मडगार्डवर आणि चेसिसच्या पुढच्या पाईपवर खडीचे टवके असतात. त्यांत गंज नसला तर घाई नाही, पण पावसाळ्याआधी बुजवून टाका.

ओरखडे आणि मंद रंग: घासण्याचं काम

सावलीत, गार टाकीवर करा. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या काळ्या टाकीवर कंपाउंड (रंग घासायची खरखरीत पेस्ट) लावताक्षणी वाळतं आणि तेच ओरखडे पाडतं.

आधी टाकीच्या धारांवर आणि स्टिकरच्या कडांवर मास्किंग टेप लावा. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथून तो सहज उडतो. बहुतेक ओरखड्यांना पॉलिश पेपरची गरजच नसते, म्हणून सुरुवात नेहमी मऊ कापड आणि बारीक पॉलिशने करा. फरक पडला नाही तर रबिंग कंपाउंड, आणि त्यानेही गेला नाही तरच वॉटर पेपर. उलट्या क्रमाने गेलात तर विनाकारण लॅकर वाया जातं.

वॉटर पेपर २००० नंबरचा घ्या, १५-२० मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका. रबराच्या छोट्या ठोकळ्यावर गुंडाळून, बोटांचा दाब न देता, ओरखड्याच्या आडव्या दिशेने आठ-दहा हात मारा, पुसून बघा. बोटाने घासलं तर बोटांच्या रेषांचे खड्डे पडतात. खाली येणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवा. दुधट पाणी म्हणजे लॅकर निघतंय. गाडीचा रंग उतरायला लागला तर थांबा, लॅकर संपलं. मात्र वेगळं लॅकर नसलेल्या गाडीवर रंग पहिल्या हातापासूनच उतरतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघायचं. ओरखडा पूर्ण जाईपर्यंत घासायचा हट्ट नको. सत्तर टक्के कमी झाला की डोळ्याला दिसत नाही.

मग ३००० नंबरचा पेपर, म्हणजे २००० चे चरे कमी होतात. त्यानंतर तळहाताएवढ्या भागावर वाटाण्याएवढं कंपाउंड घेऊन फोमच्या पॅडने, मग बारीक पॉलिश, शेवटी वॅक्स. ड्रिल मशीनला पॅड लावणार असाल तर वेग १२०० फेऱ्यांच्या आत ठेवा आणि एका जागी थांबू नका. प्लास्टिक पॅनलवर मशीन नकोच, उष्णता बाहेर जायला जागा नसते.

मॅट फिनिशच्या गाडीवर यातलं काहीही करू नका. तिथे कंपाउंड लावलं की चकाकणारा डाग पडतो आणि तो कधीच जात नाही.

टवके भरणं

गंज असेल तर धारदार टोकाने फक्त तो ठिपका खरवडा, गंज बदलणारं रसायन (रस्ट कन्व्हर्टर) डब्यावर लिहिल्याप्रमाणे लावा, मग एपॉक्सी प्रायमरचा थेंब. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. रंगाचा कोड कंपनीच्या डीलरकडे मिळतो. कॉम्प्युटरवर रंग जुळवणाऱ्या दुकानात झाकण किंवा साईड पॅनल नमुना म्हणून न्या. ऊन खाल्लेला रंग कोडच्या रंगापेक्षा थोडा वेगळा असतो, म्हणून नमुनाच खरा. टवक्यांना ५० मिली पुष्कळ होतो.

ब्रश नको, टूथपिकच्या टोकाने थेंब सोडा. एका जाड थराऐवजी तीन पातळ, प्रत्येकात अर्धा तास. भरलेली जागा बाजूपेक्षा किंचित वर राहू द्या, आठवडाभर वाळवा आणि २००० च्या पेपरने सपाट करून पॉलिश करा. मेटॅलिक रंगात थेंब उठून दिसणारच, त्यातले चमचमते कण फवाऱ्यासारखे बसत नाहीत.

पूर्ण पॅनल रंगवावंच लागलं तर

लॅकरचे पोपडे सुटत असतील, तर त्यावर पॉलिशचा उपाय नाही. कड सुटत जाते. अख्खी टाकी घासून रंग आणि लॅकर नव्याने द्यावं लागतं. घरी हे करू नका. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा फुप्फुसांना घातक आणि धुळीचा साधा मास्क त्याला अडवत नाही. पेंटरला मात्र नेमके प्रश्न विचारा: रंग एनसी की पीयू, लॅकरला हार्डनर कुठला, लांबीवर प्रायमर देणार का, शेवटचा पेपर कुठल्या नंबरचा. प्रायमरवर ६००-८०० चा ओला पेपर फिरला नाही तर महिन्याभरात रंगाखालून चरे वर दिसतात.

प्लास्टिक पॅनलच्या मागे कोरलेली अक्षरं वाचा, त्यांवरून प्लास्टिकचा प्रकार कळतो. एबीएस असेल तर सोपं. पीपी असेल तर प्लास्टिक प्रायमरशिवाय रंग कागदासारखा सुटून येतो.

वेळ बघा. नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघड्यावर एनसी मारला की रंगावर पांढुरकी झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. कडक उन्हात थर घाईने दिले तर आत अडकलेला थिनर बारीक फोड करून बाहेर पडतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारी काम उरकायचं, रात्रीच्या गारठ्यात लॅकर नीट पकडत नाही. पाऊस संपल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात बरा.

परत आलेलं काम उन्हात तपासा. धुळीचे कण, छोटा ओघळ आणि ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) हे लॅकर पक्कं झाल्यावर घासून जातात. ओघळावर आधी १५०० चा पेपर कडक ठोकळ्यावर, तोही फक्त ओघळाच्या माथ्यावर. गोल खड्ड्यांसारखे 'माशाचे डोळे' मात्र घासून जात नाहीत. खाली सिलिकॉनवालं पॉलिश राहिलं होतं म्हणून ते पडतात. ते पेंटरकडून परत करून घ्या. पहिला आठवडा धुवू नका, महिनाभर वॅक्स नाही, आणि पेट्रोल भरताना झाकणाभोवती फडकं धरा.

चेसिस आणि रिम यांना पावडर कोटिंग बरं. नाशिकला सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत ते करून मिळतं. ते १८०-२०० अंशांना भाजतात, म्हणून बेअरिंग, रबर, बुश सगळं आधी काढलेलं हवं. साधी लांबी त्या उष्णतेत टिकत नाही. चेसिस नंबरची जागा झाकायला स्वतः सांगा. नंबर पावडरखाली बुजला तर पेठ रोडच्या आरटीओत तपासणीच्या वेळी अडकाल. गाडीचा मूळ रंग बदलणार असाल तर आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते. ऑलिव्ह ग्रीनचा मोह मात्र सोडा, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे.