फ्लँज लीक होतोय? आवळायच्या आधी या चुका टाळा

फ्लँजमधून, म्हणजे पाईप जोडायच्या चकत्यांच्या जॉइंटमधून, वाफ दिसली की नवीन पोरं काय करतात, तर जिथनं वाफ येते तिथलाच नट धरतात आणि पान्याला पाईप घालून ओढतात, तेही लाईन चालू असताना. हे बघितलं की माझं डोकंच फिरतं. स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला तर वाफ थेट तोंडावर येते.

एका साखर कारखान्यात हंगामाच्या तोंडावर 4 इंची स्टीम लाईनचा 8 स्टडचा जॉइंट असाच तीनदा आवळलेला. खालून बंद झाला की वरून गळायचा, वरून आवळला की परत खालून. शेवटी लाईन थंड करून, प्रेशर शून्य बघून खोलला. दोन फ्लँजमध्ये गळती रोखायला बसवलेलं 4.5 mm चं स्पायरल गॅस्केट (पत्र्याची पट्टी गुंडाळून केलेलं) एका बाजूला पूर्ण दाबलेलं आणि समोर जवळपास नव्यासारखं! एकाच बाजूनं आवळत गेलं की फ्लँज तिरका होतो आणि समोरच्या स्टडचा ताण सुटतो, मग गळती तिकडे सरकणारच. म्हणून जुनं गॅस्केट भंगारात टाकू नका, आधी बघा. दाब एकीकडेच असेल तर आवळणं चुकलंय किंवा पाईप अलाइनमेंटमध्ये नाही, सगळीकडे सारखाच पण कमी दाबलेलं असेल तर ताण कमी पडलाय, आणि आडवी रेघ दिसली तर फ्लँजचा फेस तपासा, बऱ्याचदा कुणीतरी छिन्नीनं खरवडलेला असतो.

मी खडूनं गोलात ओळीनं 1 ते 8 नंबरच टाकतो आणि समोरासमोर आवळतो: 1-5-3-7, मग 2-6-4-8. पहिली फेरी ठरलेल्या टॉर्कच्या (आवळायच्या पिळाच्या) 30 टक्क्यांना, दुसरी 70, तिसरी पूर्ण, मग ओळीनं गोल फेरी, प्रत्येक फेरीला व्हर्नियरनं चार ठिकाणी फट मोजायची. चार तासांनी, लाईन चालू करायच्या आधी परत एक फेरी, कारण गॅस्केट बसतं आणि स्टड ढिले पडतात. यालाच सगळे टाळाटाळ करतात.

कोरडे, गंजलेले स्टड लावून टॉर्क रेंचवर विश्वास ठेवू नका. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण दहा टक्केच स्टड ताणायला जातो, बाकी घर्षणात, गंज असला तर अजून कमी. आट्यांना आणि नटच्या बसायच्या बाजूला अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट) लावा, गॅस्केटला मात्र ग्रीस नको, ते सरकतं.

वापरलेलं गॅस्केट परत घालू नका.

एकावर एक दोन गॅस्केट? कधीच नाही.

फायबर शीटचं असेल तर एकदा तापल्यावर आवळू नका, कडक झालेलं असतं, तडकतं.

आणि पाईप जुळत नाही म्हणून चेनपुलीनं ओढून स्टड घालणाऱ्यांनो, तो ताण फ्लँजवर कायम राहतो, सपोर्ट दुरुस्त करा, स्टड हातानं आत गेले पाहिजेत.