पणजोबा मामलेदार होते? त्यांची माहिती अशी काढा

पणजोबा इंग्रजांच्या काळात मामलेदार (म्हणजे तालुक्याचे महसूल अधिकारी, आजचे तहसीलदार) होते असं घरात ऐकलं असेल तर आधी कुठल्या कुठल्या तालुक्यात होते ते म्हाताऱ्या माणसांकडून विचारून घ्या, कारण बदल्या व्हायच्याच. मग तिथल्या गावांचे जुने फेरफार काढा, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, गाव नमुना ६. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा त्यामुळे त्याआधीचे फेरफार शोधत बसू नका. नोंदी मोडीत असू शकतात, मोडी वाचणारा सोबत न्याच. आणि प्लीज नुसती पणजोबांची सही बघून थांबू नका, वाद काय होता, निकाल कुणाच्या बाजूने दिला, दुष्काळात आणेवारी (पिकाचा आण्यांत केलेला अंदाज) किती लावली हे बघा, मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. मुंबईच्या पुराभिलेखागारातही महसूल खात्याची दप्तरं आहेत.