सरपणाच्या कामासाठी टिकाऊ हातमोजे कसे निवडावेत

जळाऊ लाकूड हाताळताना हातमोजा फाटतो तो बहुधा ठरावीक ठिकाणीच: अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, बोटांच्या टोकांना आणि ढलपीची कड जिथे टेकते त्या तळहाताच्या पट्ट्यावर. त्यामुळे दुकानात मोजा हातात घेतल्यावर त्याची जाडी चाचपण्याआधी या जागा पाहाव्यात. बेचक्यात कातड्याचा दुसरा थर लावला आहे का, बोटांच्या टोकांची शिवण पुढे उघडी पडली आहे की मागे वळवली आहे आणि तळहात सलग एका तुकड्याचा आहे की तुकडे जोडून केलेला आहे, हे तपासायला दोन मिनिटे पुरतात. शिवण उघड्यावर असली की कातडे शाबूत असतानाच दोरा घासून तुटतो आणि एक टाका सुटला की पुढची सगळी शिवण उसवत जाते.

हार्डवेअरच्या दुकानात सर्वांत स्वस्त मिळतात ते विणलेले सुती मोजे. त्यांच्या तळव्यावर रबरी ठिपके असले तरी कूस त्यांच्या विणीतून आरपार जाते, म्हणून ते या कामाचे नव्हेत. नायट्राइलचा किंवा रबराचा थर दिलेले मोजे पकडीला उत्तम असतात आणि पावसात भिजलेले लाकूड हलवताना कातड्यापेक्षा सोयीचे ठरतात. मात्र खडबडीत सालीवर हा थर लवकर उडतो. रोजच्या सरपणासाठी कातडेच घ्यावे. त्यातही दोन प्रकार आहेत. जाड कातडे आडवे चिरून त्याचे थर केले जातात. केसांकडचा गुळगुळीत थर घट्ट विणीचा, लवचिक आणि पाण्याला जरा दाद न देणारा असतो, तर खालचा, दोन्ही बाजूंनी लवदार थर दुकानदार ‘स्प्लिट’ म्हणून विकतात. स्प्लिट स्वस्त असते आणि त्याच्या खरखरीतपणामुळे पकड चांगली बसते, परंतु वारंवार भिजल्यावर ते कडक होते. वखारीत ओंडके चढवण्या-उतरवण्यासाठी तळहातावर जादा थर असलेले स्प्लिटचे मोजे पुरेसे आहेत. काटक्या निवडणे, मोळी बांधणे, दोरीला गाठ मारणे अशा कामांसाठी मात्र बकऱ्याच्या किंवा गाईच्या गुळगुळीत कातड्याचे मोजे थोडे महाग पडले तरी घ्यावेत, कारण बोटे वळत नसतील तर माणूस गाठ मारायला मोजा काढतो आणि नेमकी तेव्हाच कूस घुसते.

जाड म्हणून वेल्डिंगचे मोजे घेण्याचा मोह अनेकांना होतो. ते उष्णतेसाठी बनवलेले असतात. आतल्या अस्तरामुळे हात घामाने भिजतो आणि लहान ढलपी नीट धरता येत नाही. बंबात किंवा गुऱ्हाळाच्या चुलाणात लाकूड सारायला ते जरूर ठेवावेत.

चांगल्या मोज्यांवर ‘ईएन ३८८’ या युरोपीय मानकाचे चिन्ह आणि त्याखाली चार आकडे असतात. २०१६ च्या सुधारणेनंतर त्यांपुढे एक-दोन अक्षरेही आलेली दिसतात. पहिला आकडा घासण्याला, दुसरा कापण्याला, तिसरा फाटण्याला आणि चौथा टोचण्याला असलेला प्रतिकार सांगतो. सरपणासाठी पहिला आणि तिसरा आकडा ३ किंवा ४ असावा. घासण्याच्या चाचणीत ३ म्हणजे किमान २,००० फेऱ्या आणि ४ म्हणजे किमान ८,००० फेऱ्या, त्यामुळे आकड्यातला एकाचा फरक टिकाऊपणात बराच मोठा असतो. चौथ्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये, कारण ती चाचणी खिळ्यासारख्या जाड सळईने घेतात आणि बाभळीचा इंच-दोन इंचांचा सरळ, सुईसारखा काटा त्या सळईसारखा वागत नाही. बाभूळ किंवा बोर हाताळायची असेल तर मनगटाच्या वरपर्यंत येणारा लांब कफ असलेला मोजा घ्यावा आणि काटेरी फांद्या तरीही कोयत्याने आधी साफ कराव्यात. बिब्ब्याच्या लाकडाला हे मोजे वापरूच नयेत; त्याचा चीक कातड्यात मुरतो आणि पुढे तोच मोजा चेहऱ्याला लागला तरी त्वचेवर फोड येऊ शकतात.

मापाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अंगठा सोडून तळहाताचा घेर बोटांच्या सांध्यांजवळ फितीने इंचांत मोजावा. ८ इंच आल्यास ८ नंबर, ९ इंच आल्यास ९. सरपणाचे बरेचसे काम बायका करतात आणि दुकानात मात्र १० नंबरचेच गठ्ठे पडलेले असतात, हे खटकते. सैल मोज्यात बोटांपुढे राहिलेले रिकामे टोक लाकडांत अडकते, चिमटते आणि तिथेच आधी भोक पडते, म्हणून लहान माप मागून घ्यावे. मूठ वळल्यावर तळव्यात जाड सुरकुती पडत असेल तर तो मोजा मोठा आहे.

काही गोष्टींपासून कोणताही मोजा वाचवत नाही. फिरत्या पात्याच्या करवतीवर काम करताना तो मुळीच घालू नये, कारण कापड किंवा कातडे पकडले गेले की पाते हातालाही ओढून घेते. जुन्या ढिगात फुरसे किंवा विंचू असू शकतो, तेव्हा हात घालण्यापूर्वी लाकडे काठीने हलवावीत.

भिजलेले मोजे चुलीजवळ वाळवू नयेत; कातडे आखडते आणि तडकते. सावलीत, बोटे वर करून टांगावेत, अर्धवट ओले असताना हाताने चोळून मऊ करावेत आणि वाळल्यावर एरंडेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. पावसाळ्यात डबाबंद ठेवल्यास त्यांना बुरशी येते. बेचक्यातला टाका सुटलेला दिसताच चांभाराकडून जाड मेणदोऱ्याने शिवून घ्यावा, आणि बोटाच्या टोकाला भोक पडले की तो जोड राख काढण्यासारख्या हलक्या कामाला लावावा.