लिंक तीच, फाइल नवी

मार्केटिंगच्या ग्रुपवर रोज तेच: "लेटेस्ट रेटकार्ड कोणाकडे आहे?" आणि मग तीन जण तीन वेगळ्या पीडीएफ टाकतात, तिन्हींच्या नावात 'फायनल'.

१. अशा नेहमीच्या प्रश्नांसाठी एक गूगल शीट बनवा आणि त्यात चार रकाने करा: प्रश्न, लिंक, कोण सांभाळतं, शेवटचं कधी तपासलं. प्रश्न लोक विचारतात त्याच शब्दांत लिहा. 'ब्रँड अ‍ॅसेट्स' असं कोणी शोधत नाही, 'पांढरा लोगो' शोधतात.

२. रेटकार्ड बदललं की ड्राइव्हवर नवी फाइल चढवू नका. जुन्या फाइलवर राइट क्लिक, 'फाइल इन्फर्मेशन', 'मॅनेज व्हर्जन्स', 'अपलोड न्यू व्हर्जन'. लिंक तीच राहते, त्यामुळे डीलरला महिन्यापूर्वी पाठवलेल्या लिंकवरही नवेच दर उघडतात. खरी गंमत इथेच आहे.

३. शीटची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका. पिन केलेला मेसेज फार तर 30 दिवस टिकतो.

ड्राइव्ह जुनी आवृत्ती 30 दिवसांनी काढून टाकू शकतं. गेल्या वर्षीचे दर हिशेबाला लागणार असतील तर 'मॅनेज व्हर्जन्स'मध्येच त्या आवृत्तीला 'कीप फॉरेव्हर' करून ठेवा. आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड या शीटमध्ये अजिबात नको.