सत्ता आणि विषमता यांवर बोलताना या चुका टाळा

सयाजीराव महाराजांची जयंती 11 मार्चला येते. बडोद्याच्या मराठी मंडळांत आणि शाळांत त्या सुमारास भाषणांची तयारी चालते. ‘समाज सत्तेला आणि विषमतेला आवर घालू शकतो का?’ असा विषय निघाला की नव्वद टक्के वक्ते ठरलेल्या वाटेने जातात: महाराजांचे गुणगान, मग आजच्या पुढाऱ्यांना दोन टोले, टाळ्या. टाळ्या मिळतात, पण प्रश्नाला हातही लागत नाही. कुठे घसरायला होते ते सांगतो.

उदारपणालाच लगाम समजणे

ही सर्वांत मोठी चूक, आणि सर्वांत गोडही. 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 पासून राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण, 1904 चा बालविवाह रोखणारा कायदा, 1910 पासून गावोगाव वाचनालये. ही यादी खरी आहे आणि मिरवावी अशीच आहे. पण राजाने काय दिले एवढेच तिच्यातून कळते. त्याला अडवणारे कोणी होते का, हे कळत नाही. धारासभा म्हणजे कायदेमंडळ होते, पण अखेरचा शब्द महाराजांचाच.

आता त्याच गादीवर आधी कोण बसले होते ते पाहा. मल्हारराव. राज्य तेच, खजिना तोच, अधिकारही तेच. त्यांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या. रयत गाऱ्हाणी करीत होती, पण त्यांना हटवणे तिच्या हाती नव्हते. हटवले ते कलकत्त्याच्या इंग्रज सरकारने. बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेर यांना विष घालण्याच्या आरोपाची चौकशी करायला 1875 मध्ये सहा जणांचे कमिशन नेमले होते. त्यात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मते तीन विरुद्ध तीन अशी फुटली. सरकारने तरीही गैरकारभाराचे कारण दाखवून मल्हाररावांना गादीवरून उतरवले. लगाम होता खरा, पण ओढणारा हात परका होता आणि तो ओढला गेला परक्याच्या सोयीने. त्यानंतर कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला, तेच सयाजीराव, आणि बडोद्याचे नशीब उघडले. नशीबच म्हणायचे, कारण त्या जागी दुसरा मल्हारराव आला असता तरी आपल्या पणजोबांना मुकाट सोसावे लागले असते.

तेव्हा भाषणात कोणत्याही थोर माणसाचे नाव घालण्याआधी स्वतःला विचारा: हा माणूस उद्या बिघडला असता तर त्याला कोणी आणि कोणत्या अधिकाराने थांबवले असते? उत्तर सापडत नसेल तर ते उदाहरण कृतज्ञतेच्या परिच्छेदात घाला, मर्यादेच्या नको.

वरून हुकूम सुटला म्हणजे काम झाले असे मानणे

1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियाला गेले, हे प्रत्येक भाषणात असते. 1917 मध्ये कराराप्रमाणे नोकरीसाठी ते बडोद्याला परतले तेव्हा काय झाले, तिथे मात्र आवाज खाली येतो. शहरात राहायला खोली मिळेना. पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. कचेरीत शिपाई लांबूनच फाइली टाकत. शेवटी काठ्या घेतलेला जमाव धर्मशाळेवर आला आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांना कामाठी बागेत बसून राहावे लागले. महाराजांची इच्छा होती, पैसा होता, नोकरीही होती. पण घरभाडे, पाणी आणि शेजार यांवर हुकूमत शहराची होती आणि शहराने आपली सत्ता सोडली नाही. मर्यादा घालायची ती अशाही सत्तेला. सिंहासनावर बसत नाही म्हणून ती नजरेतून निसटते.

“माणूस मुळातच असा” म्हणून हात झटकणे

सत्तेची हाव माणसाच्या स्वभावातच आहे, तिला आवर घालता येत नाही, असे म्हणणे सोपे. पण आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातले जुऽहोआन्सी शिकारी मोठी शिकार आणणाऱ्याची मुद्दाम चेष्टा करत, ‘एवढ्या हडकुळ्या जनावरासाठी आम्हाला इथवर आणलेस?’ असे म्हणत, जेणेकरून तो शेफारू नये. प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्समध्ये डोईजड पुढाऱ्याचे नाव लोक खापरीवर कोरत. निदान 6000 खापऱ्या पडल्या तर एकाला दहा वर्षे हद्दपारी. लोकांनी आवर घातल्याची उदाहरणे आहेत. मात्र उलट्या टोकालाही जाऊ नका. अथेन्सच्या त्या मतदानात बायका आणि गुलाम नव्हते, आणि पुढे दोन बड्या गटांनी संगनमत करून खापऱ्या तिसऱ्यावरच उलटवल्यावर ती प्रथाच बंद पडली.

खुर्ची आणि तिजोरी एक समजणे

अथेन्समधल्या हद्दपार माणसाची मालमत्ता त्याचीच राहत असे. इथेही तसेच झाले. 1949 मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, 1951 मध्ये सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांची राजेपदाची मान्यता गेली, 1971 मध्ये माजी राजांना मिळणारे सरकारी तनखेही बंद झाले. लक्ष्मीविलास पॅलेस मात्र घराण्याकडेच राहिला. राजवाड्यांचे जाऊ द्या, एकूण वारशावरचा कर 1953 मध्ये आला आणि 1985 मध्ये गेला. संपत्ती कर 1957 ते 2015 एवढाच टिकला. सत्ता वाटण्यात आपण पुष्कळ पुढे आलो, संपत्तीच्या बाबतीत आणलेली हत्यारेही परत म्यानात घातली. भाषणात हे दोन मुद्दे वेगळे ठेवा.

आपले मंडळ विसरणे

वीस वर्षे तेच अध्यक्ष, तेच खजिनदार, आणि सर्वसाधारण सभेत हिशेब ‘वाचला असे समजून’ मंजूर! अशा मंडळाच्या व्यासपीठावरून सत्तेच्या विकेंद्रीकरणावर बोलायला धाडस लागते. मंडळाच्या घटनेत पदाच्या मुदतीचे कलम नसेल तर ते घालण्याचा ठराव आणा. कलम असूनही पाळले जात नसेल, तर ते कोणी पाळून घ्यायचे हे कलमात लिहिले आहे का ते बघा. बहुधा तिथेच घोटाळा असतो. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल तर तपासलेले हिशेब चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत जमा करावे लागतात. ते जमा झाले आहेत का, याची चौकशी आधी करा आणि भाषण मग लिहायला घ्या.