एम्बूचं घर लांबून कसं सांभाळावं

पुण्यात शिकायला आलेल्या केनियन मुलाशी लग्न करून मी केनियात आले. नवऱ्याची नोकरी नैरोबीत, मोठे दीर अमेरिकेत, आणि सासर माउंट केनियाच्या उतारावर, एम्बू काउंटीत, रुन्येंजेस गावाच्या वरच्या अंगाला, चहा-कॉफीच्या शांब्यात. शांबा म्हणजे शेत. इथल्या एम्बू समाजाचा माणूस जगात कुठेही राहो, त्याचा जीव शांब्यात अडकलेला. अशा घरात नव्याने येणाऱ्या सुना-जावयांसाठी हे लिहितेय.

आधी पैशांचं बघू. २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा आली तेव्हापासून पैसे फोनवरून जातात. पण एजंटकडे पैसे काढताना शुल्क कापतात, तेही धरून पाठवायचं. इथे त्याला ‘ना या कुटोआ’ म्हणतात. सासूबाईंना तीन हजार शिलिंग हवे असताना नेमके तीन हजार पाठवलेत, तर त्या काही बोलणार नाहीत, पण नणंद बोलेल.

घर बांधायला काढलं असेल तर मात्र रोकड कुणाच्याच हातात देऊ नका. सिमेंट-पत्र्याच्या दुकानदाराचा टिल नंबर, म्हणजे दुकानाचा एम-पेसा क्रमांक, घ्या, थेट तिथे भरा आणि माल उतरला की फोटो मागवा. यात अविश्वास नाही. हातात पैसा असला की कुणाचा तरी दवाखाना निघतोच, आणि त्या वेळी नाही म्हणणं गावात राहणाऱ्या भावाला जमत नाही.

वेळही बघा. चहाचा वार्षिक बोनस साधारण ऑक्टोबरात हाती येतो, तेव्हा घरात पैसा खेळत असतो. जानेवारीत शाळा उघडतात आणि सगळे हात वर करतात. तुमची मदत जानेवारीसाठी राखून ठेवा.

कुणी गेलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर गट तयार होतो. खजिनदार ठरतो आणि कुणी किती दिले त्याची यादी रोज पडते. रक्कम बेताची असली तरी चालेल, पण पहिल्याच दिवशी पाठवा. उशिरा आलेल्या मोठ्या आकड्याचं मला तरी कौतुक वाटत नाही. लंडनमध्ये वा टेक्सासमध्ये वारलेल्या माणसालाही शक्यतो शांब्यातच पुरतात, आणि विमानाने देह आणण्याचा खर्च एका घराला झेपणारा नसतो. आज तुम्ही कुणासाठी दिलेत, उद्या तुमच्यासाठी देतील.

डिसेंबरात गावी जायलाच हवं. नैरोबीहून थिका, मकुटानो, म्वेआ असा एम्बू शहरापर्यंतच साधारण सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. नाताळच्या तोंडावर मटाटूवाले, म्हणजे खासगी मिनीबसवाले, भाडं मनमानी वाढवतात, म्हणून आठवडाभर आधीच निघा. म्वेआला रस्त्याकडेला तिथला सुवासिक पिशोरी तांदूळ मिळतो, तो घ्या. सोबत साखर, तेल, मक्याचं पीठ, पाव. परतताना केळी, ॲव्होकॅडो आणि अळकुड्या गाडीत भरल्या जातील. जागा नाही म्हणून नाकारू नका, मांडीवर घ्या.

मुलांची नावं ठेवताना फार डोकं चालवायचं नसतं. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव. दुसऱ्या मुलीला आईच्या आईचं, म्हणून आमच्या धाकटीला माझ्या आईचं नाव आहे आणि अख्ख्या गावात ते एकटीचंच. शोशो, म्हणजे आजी, ते नाव एम्बू हेल काढून हाकारते. सुट्टीत मुलं तिच्याकडे ठेवा. कियेंबू भाषा नैरोबीच्या शाळेत शिकायला मिळत नाही.

राहिला जमिनीचा कागद. परदेशी नागरिकाला इथे जमिनीची कायमची मालकी मिळत नाही, फार तर ९९ वर्षांचा भाडेपट्टा. २०१० च्या राज्यघटनेने जन्माने केनियन असलेल्यांना दुहेरी नागरिकत्वाची मुभा दिली, पण त्याआधी ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊन इथलं गमावलं, त्यांना अर्ज करून ते परत मिळवावं लागतं. आमच्या दिरांचं तसंच आहे. तुमच्या घरीही असं कुणी असेल, तर सासरे वाटणीला बसायच्या आत तो अर्ज करायला लावा.