सीमाभागातल्या गावात सूक्ष्मपोषक आणि जनुकांच्या अभ्यासासाठी रक्त कसं गोळा करावं

परदेशी विद्यापीठांबरोबरचं पोषण-संशोधन बेळगाव भागाला नवं नाही. गर्भधारणेच्या आधीपासून पोषणपूरक देणारी ‘विमेन फर्स्ट’ चाचणी ग्वाटेमाला, काँगो, पाकिस्तान आणि इथल्या गावांत एकाच आराखड्यावर झाली. अशा कामात विश्लेषण कुठेही होवो, नमुना बिघडतो तो गावात, सुई काढल्यानंतरच्या पहिल्या तासात. तो बिघाड नंतर कुठल्याच यंत्रानं दुरुस्त होत नाही. म्हणून खानापूर, निपाणी, चिकोडीकडे काम उभं करणाऱ्यांसाठी हे टिपण.

आधी कागदपत्रं, आणि ती क्रमानं. संस्थेच्या नोंदणीकृत नीतिसमितीची मंजुरी घ्यावी. परदेशी भागीदार किंवा परदेशी निधी असेल, तर भारतीय प्रमुख संशोधकानं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्यामार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे, म्हणजे एचएमएससीकडे, अर्ज करावा. नमुने बाहेर जाणार असतील तर साहित्य हस्तांतरणाचा करार त्याच अर्जाबरोबर जोडा. कोणते नमुने, किती मिलिलिटर, कोणती चाचणी, उरलेलं परत येणार की नष्ट होणार, हे सगळं त्यात आकड्यांत हवं. अभ्यासात गोळ्या किंवा पूरक देणार असाल तर पहिली व्यक्ती सामील होण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंद करा. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंद चालत नाही.

संमतीपत्र मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत करा. कानडी मसुदा मराठीवरून न करता मूळ मसुद्यावरून स्वतंत्र करून घ्या. एकाच घरात सासू मराठी आणि सून कानडी बोलणारी असते, तेव्हा भाषा प्रत्येकीला वेगळी विचारा. संमतीचे पाच प्रश्न वेगवेगळे ठेवा: आजच्या तपासण्या, डीएनए काढणं, नमुना पुढे साठवणं, तो परदेशी पाठवणं, आणि आनुवंशिक काही आढळलं तर कळवायचं का. एका अंगठ्यात पाचही होकार घेणं बरोबर नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवा. ‘जनुक’ म्हटल्यावर चेहरे कोरे राहतात. ‘आई-बापाकडून अंगात उतरलेलं’ असं म्हटलं की अक्का स्वतःच पुढचा प्रश्न विचारते. ‘एवढं रक्त कशाला?’ हा प्रश्न तर येतोच. तीन नळ्या मिळून 14 मिली होतात, म्हणजे चहाचे जेमतेम तीन चमचे. चमचा हातात धरून दाखवा.

आदल्या दिवशीच्या निरोपात सगळ्यात जास्त चूक होते. ‘उपवासानं या’ असा निरोप गेला, तर बाई साबुदाण्याची खिचडी खाऊन आणि कपभर चहा पिऊन येते. तिच्या हिशेबानं तिचा उपवास मोडलेला नसतो. आशाताईंनी सांगायचं ते असं: ‘अनशापोटी या, रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही नको, चहासुद्धा नको.’ कानडीत ‘खाली होट्टे’ पुरतं. ऊसतोडीच्या हंगामात बायका उजाडायच्या आत फडावर जातात, म्हणून शिबिर सकाळी साडेसहालाच लावा आणि रक्त घेतल्यावर लगेच केळं-बिस्किट द्या. वेळेची काळजी एवढ्यासाठी, की सीरममधलं, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यातलं, जस्त दिवसभर बदलत असतं. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी कमतरतेची सीमा सकाळी अनशापोटी 70, सकाळी खाऊन आलेली असेल तर 66 आणि दुपारी 59 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. शेवटचं खाणं कधी झालं आणि सुई कधी टोचली, या दोन्ही वेळा घड्याळ पाहून लिहा. त्या नसतील तर आकडा कोणत्या सीमेशी ताडायचा तेच कळत नाही.

जस्तासाठी गडद निळ्या झाकणाची, सूक्ष्मधातूमुक्त नळी वापरा आणि ती सगळ्यात आधी भरा. जांभळ्या ईडीटीए नळीनंतर (ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन) कधीच नको. जस्त धुळीत असतं, साध्या नळ्यांच्या रबरी बुचात असतं, पावडर लावलेल्या हातमोज्यांवर असतं. अंगणवाडीच्या पत्र्याखाली, झाडलोट चालू असताना नळी उघडली, तर कमतरता असलेली बाईसुद्धा कागदावर धडधाकट दिसते. नळी उभी ठेवून रक्त गोठू द्या आणि थंड पेटी नसेल तर 30 ते 40 मिनिटांत सीरम वेगळं करा. वीज जाणार हे गृहीत धरून सेंट्रिफ्यूज इन्व्हर्टरवरच चालवा. सीरम गुलाबी दिसलं तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत. पेशींत जस्त सीरमपेक्षा कितीतरी पट जास्त असल्यामुळे तो नमुना जस्तासाठी बाद करा. बारीक सुई आणि जोरानं ओढलेली सिरिंज ही त्याची नेहमीची कारणं.

फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) आणि अ जीवनसत्त्वाला उजेड सोसत नाही, तेव्हा नळ्यांना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. तांबड्या पेशींतल्या फोलेटसाठी ईडीटीएमधलं 100 मायक्रोलिटर रक्त 1 मिली, 1 टक्का ॲस्कॉर्बिक आम्लाच्या द्रावणात मिसळा. हे द्रावण रोज ताजं करा. त्याच नळीतून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, मोजायला विसरलात तर पुढचा हिशेब होतच नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, एकटं मोजू नका. ताप, दाताचा गळू, कसलाही दाह असला की ते चढतं आणि लोहाची कमतरता झाकली जाते. बरोबर सीआरपी आणि एजीपी ही दाह दाखवणारी प्रथिनं घ्या; सीआरपी 5 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर किंवा एजीपी 1 ग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर दाह धरावा. सरकारी तांबडी गोळी कधी घेतली तेही विचारा, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आहाराच्या प्रश्नावलीत भाकरी कशाची हे स्वतंत्र लिहा. ज्वारी-नाचणीतलं फायटेट लोह आणि जस्त धरून ठेवतं. श्रावणात सामिष बंद असतं, म्हणून त्या महिन्याची आहाराची उत्तरं बाकीच्या वर्षावर लादू नका.

डीएनएसाठी 4 मिली ईडीटीए पुरतं. नळी आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा, जोरानं हलवू नका. एफयूटी2 जनुकातले फरक बी12 च्या पातळीशी आणि एमटीएचएफआरमधले फोलेटशी जोडलेले आहेत. पण इथे त्याआधी नातं विचारायला हवं. मामाच्या मुलीशी लग्न या भागात रूढ आहे, काही समाजांत मामा-भाचीचंही होतं. विश्लेषणाची नेहमीची पद्धत मात्र लोक एकमेकांचे नातलग नाहीत असं धरून चालते. नवरा-बायकोचं नातं आणि एकाच घरातल्या सहभागींचं नातं फॉर्मवर नोंदवलं नसेल, तर परदेशातला सांख्यिकीतज्ज्ञ चुकीचे संबंध खरे मानून बसेल.

जे इथे मोजता येतं ते इथेच मोजा. बाकी प्रत्येक सीरमचे दोन भाग करा आणि एक इथल्या उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. दुसरा तिहेरी पॅकिंगमध्ये, जैविक नमुन्यासाठी यूएन 3373 आणि कोरड्या बर्फासाठी यूएन 1845 च्या लेबलांसह जातो. खोका हवाबंद करू नका, वायू साठून तो फुटतो. प्रवास चार दिवसांचा असेल तर बर्फ सहा दिवसांचा भरा. सोमवारी पाठवा, शुक्रवारी कधीच नाही. रविवारी विमानतळाच्या गोदामात नमुना वितळत पडतो आणि कोणी फोन उचलत नाही.

हिमोग्लोबिनचा आकडा त्याच दिवशी, त्या बाईच्या भाषेत, चिठ्ठीवर लिहून द्या. गरोदर बाईचं 7 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर नुसती चिठ्ठी न देता शिबिराच्याच गाडीनं तिला रुग्णालयात पोचवा.